काळ्यांच्या डोक्यातले खिळे

बाजारातल्या त्या म्हाताऱ्या कातारी माणसाला सगळे पाठीमागे बंडलकाका म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे. बंडल मारायलाही पदरी माल लागतो, असं ते म्हणत. जुनी बुद्धिबळं दुरुस्त करायची हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक मोडके मोहरे घेऊन यायचं आणि जाताना धड मोहऱ्यांबरोबर एक गोष्ट घेऊन जायचं. कुणाच्या राजाचा मुकुट एका सेनापतीने हार दिसताच दातांनी तोडलेला असे, तर कुणाचा उंट जहाज बुडाल्यावर तरंगत तरंगत परत मालकाच्याच किनाऱ्याला लागलेला असे. एका हत्तीला गेलेली चीर विजेची आहे असं सांगून त्यांनी त्या गिऱ्हाइकाला तो हत्ती पावसाळाभर गादीखाली ठेवायला लावला होता. वीज पडली नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाचाही विश्वास बसला.

पण एक सांगायला हवं. गोष्ट कितीही हवेतली असो, मोहऱ्यांचं वय मात्र ते बावनकशी सांगत. गोल कातलेलं लाकूड वर्षानुवर्षं सुकतं ते एकाच अंगाने सुकतं. डोळ्याला गोल दिसतं, पण कॅलिपरच्या चिमटीत धरून फिरवलं की इकडे घट्ट लागतं आणि तिकडे सैल. बंडलकाका डोळे मिटून मोहरा फिरवायचे आणि म्हणायचे, ऐंशी. किंवा, शंभराच्या पुढे. मग तळाची हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापडाची चकती, टोकाने उचलून आतलं वजनाचं शिसं बघायचे, राजाच्या मुकुटाचा आटा हाताने पाडलाय की यंत्राने ते नखाने चाचपायचे, आणि एकदा तोंडातून निघालेलं वय पुन्हा बदलत नसत. त्या बाबतीत त्यांना आव्हान द्यायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळेच तर बाकीच्या थापा खपत.

एके दिवशी दुकानात एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, कामावरून घरी जाता जाता वाट वाकडी करून आलेली. पिशवीतून तिने लाकडी डबा काढला आणि म्हणाली, सासऱ्यांचा डाव आहे, जरा बघता का. ती शब्द निवडून, मध्ये थांबत बोलणाऱ्यांपैकी होती. आणि बंडलकाकांसमोर जो मध्ये थांबला तो संपला.

डबा उघडला आणि म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. पांढरे पिवळसर टणक लाकडाचे, काळे अस्सल आबनुसाचे. घोडे तर असे कोरलेले की नाकपुड्यांतून श्वास येईल. त्यांनी एक हत्ती कॅलिपरमध्ये फिरवला, आटा बघितला, शिसं बघितलं. शंभर पुरे होऊन वर, असं त्यांनी जाहीर केलं. आणि मग त्यांची नजर काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यांवर गेली. प्रत्येक काळ्याच्या डोक्यात, मुकुटावर, घोड्याच्या कपाळावर, अगदी प्याद्याच्या टाळूवरसुद्धा, एकेक बारीक लोखंडी खिळा ठोकलेला. खिळ्याचं डोकं जेमतेम वर राहिलेलं. काही मधोमध, काही कडेला, एक तर पार वाकलेला.

"काका, ते खिळे..." बाई म्हणाली.

"खिळ्यांचं मला सांगता?" बंडलकाका म्हणाले. "खिळे मी तुमच्या आधी पाहिले. यंत्रावरचे आहेत. लाकूड शंभराचं असलं तरी हे दुखणं चाळीसच्या आतबाहेरचं. बरोबर?"

बाईने चकित होऊन मान डोलावली. तिने पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर म्हातारा सेनापतीच्या दातांपर्यंत पोचला होता. तिसऱ्यांदा तिने काही म्हणायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी डबा मिटून फळीवर ठेवलासुद्धा आणि म्हणाले, निर्धास्त जा सूनबाई, नवरीसारखा नटवून देतो. चाळीस वर्षांचं दुखणं इतकं अचूक सांगणाऱ्या माणसाला दुखण्याचं कारण ठाऊक असणारच, असं त्या बिचारीला वाटलं असेल तर तिचं काय चुकलं?

मग काय, म्हातारा इरेला पेटला. असा डाव वर्षानुवर्षांत हाती आला नव्हता. बारीक चिमट्याने त्यांनी एकेक खिळा असा उपटला की भोकाची कड दुखावली नाही. भोकं आबनुसाच्याच भुशात सरस कालवून भरली, काचपेपर फिरवला, आणि लाखेचं पॉलिश हातावर हात देऊन असं चढवलं की त्यांना स्वतःलाही भोक होतं कुठे ते सांगता येईना. पांढऱ्यांचं अंग जरा खडबडीत झालं होतं, तेही त्यांनी काळ्यांच्या तोडीचं गुळगुळीत केलं. उपटलेले खिळे मोडीच्या डब्यात गेले.

काम चालू असताना गोष्टही तयार होत होती. खिळे फक्त काळ्यांनाच का, हा प्रश्न त्यांच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटेल कसा? सुटला नाही. त्यांनी त्याचं उत्तर शोधलं, पण विचारून नव्हे, रचून. एक खेळाडू होता म्हणे, कायम काळे घेऊन खेळायचा आणि दर वेळी मार खायचा. हरला की घरी येऊन एका मोहऱ्याच्या डोक्यात खिळा ठोकायचा, याच्यामुळे हरलो म्हणून. ठोकता ठोकता सगळी फौज संपली, तरी गाढवाला कळेना की खिळा ठोकायला हवा होता तो भलत्याच डोक्यात. शेजारचा घड्याळजी हसून हसून खोकत सुटला. चहावाल्याने ती गोष्ट दोनदा सांगायला लावली. आठवडा संपायच्या आत सगळ्या बाजाराला तो खिळेठोक्या गाढव माहीत झाला होता.

अशी गोष्ट ज्यांच्या डावाची, त्यांनाच ऐकवायची राहिली तर उपयोग काय? म्हणून काम झाल्यावर बाईने न्यायला यायच्या आतच बंडलकाका धुतलेला सदरा घालून, डबा काखेत मारून पत्ता विचारत तिच्या घरी गेले.

सुट्टीचा दिवस होता. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. आत खिडकीपाशी खुर्चीत सासरे बसले होते, चष्मा लावलेले, ताठ. त्यांच्यासमोर त्यांचे खेळगडी, निवृत्त पोस्टमास्तर. मध्ये रिकामा पट. म्हणजे डावाची वाट बघतच बसले होते म्हणायचे. बंडलकाकांना भरून आलं. त्यांनी पटावर मोहरे मांडले, पण ते मांडताना दोन्हीकडची मिसळ झाली तरी लक्ष दिलं नाही, कारण तोंड सुरू झालं होतं. लाकूड, आटा, शिसं, वय, शपथेवर सेनापतीचे दात, बुडालेलं जहाज, आणि मग खिळ्यांची गोष्ट. सासऱ्यांनी चेहरा त्यांच्या दिशेने वळवला तो हलवलाच नाही. पापणी लवत नव्हती. असा श्रोता बंडलकाकांना जन्मात मिळाला नव्हता, त्यामुळे त्यांनी गाढवाच्या गोष्टीला आणखी दोन पदर लावले. खिळे ठोकताना गाढव जीभ कशी बाहेर काढायचं तेही करून दाखवलं.

कुणी हसलं नाही. पोस्टमास्तर पटाकडे बघत होते. नवरा जमिनीकडे. सून पाण्याचे पेले घेऊन आतल्या दारात आली होती ती तिथेच थांबली.

सासरे मात्र थोडं हसले. म्हणाले, "दर डाव हरायचा?"

"दर डाव."

"असेल, असेल." त्यांनी हात पुढे केला. एक प्यादं उचललं, अंगठा त्याच्या डोक्यावरून फिरवला, ठेवलं. दुसरं उचललं. मग एक घोडा. अंगठा कपाळावरून पुन्हा पुन्हा फिरत राहिला, किल्ली खिशात नाही हे कळल्यावरही माणूस खिसा चाचपत राहतो तसा. मग त्यांनी हळूच विचारलं, "यांतले काळे कुठले?"

"अहो हे काय समोर, कोळशासारखे," बंडलकाका म्हणाले. म्हणाले आणि बघतात तर सासऱ्यांचा हात एका पांढऱ्या उंटावर गेला होता, आणि पोस्टमास्तरांनी तो मनगटाला धरून अलगद बाजूच्या काळ्यावर नेला.

माणसाला चुलीत हात गेल्यावर कळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. चष्मा नुसता सवयीचा होता. काळ्यांच्या डोक्यातले खिळे हे त्या माणसाचे डोळे होते, आणि बंडलकाकांनी ते एकेक करून चिमट्याने उपटून वरून पॉलिश मारलं होतं.

बाकीचं पोस्टमास्तरांनी सांगितलं, खालच्या आवाजात, कुणाला लागू नये अशा बेताने. यांचे डोळे गेले त्या वर्षी वहिनींनी फोटो टांगायचे बारीक खिळे आणून एकेक मोहरा गुडघ्यांत धरून ते ठोकले होते. अंगठा ठेचून घेतला होता. वहिनींना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

जीभ बाहेर काढून दाखवली होती हे बंडलकाकांना त्या क्षणी आठवलं. त्यांना वाटलं, आता ही जीभ तोडून मोडीच्या डब्यात टाकावी.

इतक्यात नवरा बायकोवर उखडला. "तुला सांगता येत नव्हतं? वजिराचा खिळा सैल झाला होता, तेवढाच घट्ट करून आणते म्हणून डबा घेऊन गेलीस ना? मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"सांगत होते," ती म्हणाली.

"सांगत होते म्हणजे? सांगितलंस की नाही ते बोल."

तिने बंडलकाकांकडे बघितलं. नवऱ्याने बघितलं, पोस्टमास्तरांनी बघितलं. सासऱ्यांनीही चेहरा तिकडे वळवला.

"मला असं कुणी काही सांगितलं नाही," बंडलकाका म्हणाले.

आता बघा, आयुष्यभर या माणसाने जहाजं बुडवली, विजा पाडल्या, सेनापतींना मुकुट चावायला लावले. त्यापुढे हे वाक्य म्हणजे अगदीच चिमुकलं. शिवाय शब्दाला शब्द खरं. सांगितलं नव्हतंच तिने. तरी त्यांच्या सगळ्या थापांची मोळी बांधून तागडीच्या एका पारड्यात टाकली असती तर हे दुसऱ्या पारड्यातलं वाक्य खाली गेलं असतं. बाई पेले तिथल्या मेजावर ठेवून आत गेली. सासरे म्हणाले, जाऊ द्या, लाकूड छान गुळगुळीत झालंय हो. त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

घरी जेवताना म्हातारा गप्प. बायकोने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला, मग विचारलं, पोट बिघडलं का. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. खिळे, चष्मा, वहिनींचा अंगठा, सगळं. सुनेला बोलणी बसली इथवर सांगितलं आणि भाताकडे बघत राहिले.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" बायकोने विचारलं.

त्यांनी कालवलेला भात पुन्हा कालवायला घेतला.

"ते सांगायचं राहिलं, म्हणजे तेच केलं असणार," ती म्हणाली आणि त्यांचं ताट न विचारताच उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर त्यांनी मोडीचा डबा जमिनीवर उपडा केला आणि लोहचुंबक फिरवला. ढिगाने खिळे आले. बारीक, गंजके, वाकडे, जन्मभराच्या उपटाउपटीतले. शंभर वर्षांपूर्वीचा आटा नखाने ओळखणारा माणूस गेल्या आठवड्यातला खिळा हातात घेऊन बसला, पण तो तोच की दुसरा हे सांगता येईना. घड्याळजी डोकावून म्हणाला, काय काका, गाढवाचे खिळे शोधताय का. एरवी त्यावर त्यांनी त्याला पाणी पाजलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसतं हो म्हटलं. घड्याळजी घाबरून निघून गेला.

खिळे नवे आणता येतील, लाकडात भोकं पुन्हा पाडता येतील, हे त्यांना दिसत होतं. पण त्या बाईच्या घरात तिच्या नावावर जे पडलं होतं ते आपण उचलल्याशिवाय उचललं जाणार नाही, हेही दिसत होतं. आणि उचलायचं तर त्याच माणसांसमोर, त्याच खोलीत. एकट्या बाईला गाठून माफी मागणं म्हणजे भर चौकात शिवी देऊन बोळात पाया पडण्यासारखं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते हत्याराची पिशवी घेऊन पुन्हा त्या दारात उभे राहिले. पाय जिन्यातूनच दोनदा मागे वळले होते.

सगळे होते. बंडलकाका बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले की त्या दिवशी मी खोटं बोललो, सूनबाई खिळ्यांचं सांगत होत्या, मीच ऐकून घेतलं नाही, दोष माझा आहे.

नवरा हसला. "काका, तिची बाजू सावरायला आलात होय. मोठं मन तुमचं."

"सावरायला नाही. खरं तेच सांगतोय."

पोस्टमास्तरांनी मान हलवली. म्हणाले, जुन्या माणसांची ही रीतच वेगळी, दुसऱ्याच्या घरात भांडण नको म्हणून आपल्या अंगावर घेतात. बंडलकाकांनी शपथ घेतली. तेव्हा पोस्टमास्तरांनी हळूच आठवण करून दिली की शपथ तुम्ही मागल्या खेपेला सेनापतीच्या दातांवरही घेतली होती. आतल्या दारात सून उभी होती, हाताची घडी घालून. तिने मदतीला एक शब्द टाकला नाही, आणि का टाकावा? म्हाताऱ्याचे कान तापले. हयातभर खोटं सांगितलं ते घटाघट प्यायले लोक, आणि आज खरं आणलं तर कुणी तोंड लावेना. वर मोठं मन म्हणून पाठ थोपटून घ्यायची वेळ आली होती.

"थांबा जरा," सासरे म्हणाले. "ती नेमकं काय म्हणाली होती?"

"'काका, ते खिळे.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही. मी बोलू दिलं नाही."

"मग तुम्ही काय बोललात?"

"खूप बोललो. त्यात काही नव्हतं."

सासरे मुलाच्या दिशेने वळून म्हणाले, "यात जहाज नाही, सेनापती नाही. मध्येच तुटते, शेवटही नाही. इतकी भिकार गोष्ट हा माणूस रचणार नाही. खरं असणार ते." आणि लगेच, त्याच आवाजात, "तिला काय काय बोललास ते आठवतंय ना तुला? मग जेवढ्या मोठ्याने बोललास तेवढ्याच मोठ्याने माघारी घे."

नवऱ्याने घेतलं. तेवढ्या मोठ्याने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "बरं." त्या एका शब्दात त्याला रात्रीपर्यंत पुरेल एवढं होतं.

मग बंडलकाका पटापाशी बसले. पिशवीतून नवे बारीक खिळे काढले आणि पहिलं काळं प्यादं घेतलं. भोक शोधायला भिंग लावलं, पण भोक सापडेना. त्यांच्याच हातचं भरण, त्यांच्याच हातचं पॉलिश. ज्या सफाईचा त्यांना सगळ्यात जास्त तोरा होता तीच आता मध्ये उभी होती. त्यांनी टाळूच्या बरोब्बर मधोमध खूण केली आणि सासऱ्यांच्या अंगठ्याखाली धरली.

"मधोमध नको," सासरे म्हणाले. "हिचा एकही मधोमध नव्हता. मधोमध असला की परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं मला."

म्हणून मग ते एकेक मोहरा त्यांच्या हातात देत गेले आणि ते अंगठा टेकवून सांगत गेले. हत्तीचा इथे, कडेला. घोड्याचा डाव्या कानाकडे, त्यावेळी ती चिडली होती. राजाचा जरा वर ठेवा. बंडलकाका मुकाट्याने सांगतील तिथे बारीक भोक पाडत आणि खिळा दाबत. तोंडाने एक गोष्ट नाही. एका प्याद्यावर सासऱ्यांचा अंगठा बराच वेळ फिरला. मग त्यांनी ते परत दिलं आणि म्हणाले, याचं आठवत नाही, तुम्हीच कुठेतरी मारा. त्या प्याद्याला खिळा मारायला बंडलकाकांनी सगळ्यात जास्त वेळ लावला.

डाव सुरू झाला. सासऱ्यांचा अंगठा प्रत्येक डोक्यावर आधी चुकीच्या जागी जाई, मग खिळ्यापाशी येई, मग ते खेळत. पूर्वी इतका वेळ लागत नसे, हे पोस्टमास्तर बोलले नाहीत, पण वाट बघताना ते नेहमीसारखं बोटांनी मेज वाजवायचंही विसरत होते. बंडलकाका हत्यारं आवरून उठले.

दारापर्यंत सून आली. पहिल्या दिवशी ती त्यांना काका म्हणाली होती. आता तिने कसलीच हाक मारली नाही. कडी काढता काढता म्हणाली, "वजिराचा खिळा पुन्हा सैल झाला तर आणीन दुकानात. फक्त कागदावर लिहून आणीन, आणि तो तुमच्या हातात देऊन बाहेर उभी राहीन."

यावर एक फर्मास उत्तर बंडलकाकांच्या जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. चांगलं होतं, तीही हसली असती. त्यांनी ते गिळलं, "बरं" म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले. वरून दार लागल्याचा आवाज आला, हळूच लावलेल्या दाराचा, आणि ते दार आपटलं असतं तर आपल्याला किती बरं वाटलं असतं, याचा विचार करत ते खालच्या पायरीवर जरा बसले.